फॅमिली डॉक्टर कॅन्सर टाळण्याचे काम आपले मानतात का?

आपण विचारले आहे की, वडील तंबाखू-चुना खातात आणि आई मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावते हे वर्षानुवर्षे ठाऊक असूनही फॅमिली डॉक्टरांनी कॅन्सरचा विषय कधीच काढला नाही, तेव्हा ते हे आपले काम समजत नाहीत का. मी लालबागमध्ये जनरल प्रॅक्टिस करतो. माझ्या ओळखीचे बहुतेक व्यवसायबंधू हे काम आपलेच मानतात. तरीही दवाखान्यात ते फारसे होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

संध्याकाळी बाकांवर पेशंट दाटीवाटीने बसलेले असतात, समोरचा ताप घेऊन आलेला असतो, आणि त्याला तोंड उघडायला सांगून तंबाखूबद्दल विचारले तर तो धास्तावतो किंवा दुखावतो. आमच्या भागात ‘टाटा’ या कॅन्सर रुग्णालयाचे नाव काढले तरी घरच्यांचे चेहरे उतरतात, त्यामुळे डॉक्टर जपून बोलतात, माझ्या मते गरजेपेक्षा जास्त जपून. स्त्रियांच्या तपासणीत एका खोलीचा दवाखाना, पुरुष डॉक्टर आणि सोबतीला परिचारिका नाही, ही अडचण मात्र खरीच आहे.

सर्वांत जास्त आड येते ती ‘सांगून कोण ऐकतो’ ही भावना. सिगारेट ओढणाऱ्या शंभर जणांपैकी दोन-तीन जण आपणहून ती सोडतात आणि डॉक्टरांनी थोडक्यात पण स्पष्ट सल्ला दिल्यास त्यात आणखी एक ते तीन जणांची भर पडते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षांवरून दिसते. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला न सोडणारेच पुन्हा पुन्हा भेटतात, म्हणून आपले बोलणे वाया गेले असे त्याला वाटते. ज्याला कॅन्सर झालाच नाही, तो तसे सांगायला कधी येत नाही.

याला उत्तर मुंबईतच मिळालेले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून येथील झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या, डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली, आणि तपासणी झालेल्या गटात त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. जे आरोग्यसेविकांना साधले, ते आम्हाला अशक्य आहे असे म्हणता येणार नाही.

म्हणून डॉक्टरांची वाट न पाहता आपणच विषय काढावा. वडिलांना गर्दी कमी असलेल्या वेळी न्यावे आणि “तोंड तपासून द्या” असे स्पष्ट म्हणावे. टॉर्च आणि लाकडी पट्टी एवढेच साहित्य लागते: गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग आणि जिथे तंबाखूचा बार ठेवला जातो ती जागा नीट पाहायची असते. तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हेही पाहतात. सुपारी-गुटख्याने तोंड आखडू लागले असेल तर ती जात नाहीत. पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम आढळल्यास तज्ज्ञांकडे जाण्याची चिठ्ठी लगेच मागून घ्यावी. आईच्या बाबतीत मिश्रीचा उल्लेख आपण स्वतः करावा, कारण “काही व्यसन आहे का?” या प्रश्नाला मिश्री लावणाऱ्या बहुतेक स्त्रिया मनापासून “नाही” म्हणतात.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. आपल्या डॉक्टरांकडे सोय नसेल तर कुठे जावे हे त्यांनाच विचारावे. त्याऐवजी ट्यूमर मार्कर (रक्तात कॅन्सरच्या खुणा शोधणाऱ्या चाचण्या) असलेली महागडी ‘फुल बॉडी’ पॅकेजे घेऊ नयेत, निरोगी माणसात त्या चाचण्या दिशाभूलच अधिक करतात. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असल्यास गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून बचाव करणाऱ्या एचपीव्ही लशीबद्दलही त्याच भेटीत विचारावे. वडिलांची तंबाखू सोडण्याची तयारी दिसली, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर (तंबाखू सोडण्यासाठीच्या फोनसेवेवर) मोफत समुपदेशन मिळते.