शेपूट हलवणारा कुत्रा चावू शकतो का?

हो, चावू शकतो. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा उत्तेजित झालाय, एवढंच. ती कंबरेसकट सैल हलत असेल तर स्वागत समजा. ताठ उभी राहून भराभर थरथरत असेल आणि अंगही कडक झालं असेल, तर जागीच थांबा. २००७ साली इटलीतल्या संशोधकांना आढळलं, की मालक दिसल्यावर शेपटी उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. पण हा फरक रस्त्यात नुसत्या डोळ्यांनी टिपणं कठीण, त्यावर विसंबू नका.

मी तर म्हणेन, आधी तोंड आणि डोळे बघा. झोप आलेली नसताना जांभई, खायला काही नसताना नाक चाटणं, मान फिरवणं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसणं, ही बहुतेकदा अस्वस्थतेची चिन्हं असतात. लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात पडलंय आणि कुत्रा असं करतोय, तर मुलाला लगेच बाजूला घ्या. अशा वेळी मोठी माणसं कौतुकाने फोटो काढत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि गुरगुरला म्हणून त्याला कधीही मारू नका. तो तुम्हाला आधी सांगतोय. ते सांगणंच बंद केलंत, तर पुढच्या वेळी तो थेट चावेल.

भटका कुत्रा अंगावर आला तर पळू नका, नजर रोखू नका. अंग तिरकं ठेवून हळूहळू लांब व्हा. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा.