वाचक विचारतात: जॉत्तोचा निळा कुठे गेला?

प्रश्न: इटलीच्या सहलीत पादुआचं स्क्रोवेन्यी चॅपल, म्हणजे जॉत्तोच्या भित्तिचित्रांचं छोटं प्रार्थनागृह, पाहिलं. आत सोडण्याआधी काचेच्या खोलीत 15 मिनिटं बसवून ठेवलं. लाल-पिवळे रंग टवटवीत, पण येशूची आई मरिया हिच्या झग्याचा निळा उडालेला. एवढ्या मोठ्या चित्रकाराचा रंग कच्चा कसा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: रंग कच्चा नव्हता, तो मागाहून लावलेला होता. चित्रकला शिकवायचो तेव्हा मी हा धडा गवंड्यापासून सुरू करायचो. 1305च्या सुमारास जॉत्तो आणि त्याचे साथीदार चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावत. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचा पुन्हा दगड होतो आणि रंग त्याच्या पोटात अडकतो. म्हणून एका बैठकीत रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवायचा. त्या तुकड्यांचे सांधे जवळून ओळखू येतात. अभ्यासकांनी मोजले तेव्हा तुकडे साडेआठशेच्या घरात भरले!

निळ्याची गत वेगळी. अझुराइट दगडाची पूड ओल्या चुन्यात हिरवट-काळी पडू शकते, म्हणून ती वाळलेल्या भिंतीवर, चिकट द्रव्यात कालवून लावत. (आपल्याकडे चुन्यात घालायची नीळ वेगळी, तिला चुना बाधत नाही.) सातशे वर्षांत चिकटपणा गेला, पोपडे सुटले. तीन ज्ञानी पुरुष बाळ येशूला वंदन करतात त्या चित्रात मरियेचा निळा जवळजवळ गेलाय. वरचा शेपटीचा तारा पाहिलात ना? जॉत्तोने 1301चा हॅलेचा धूमकेतू पाहून तो काढला असावा, असं मानतात; 1986मध्ये त्या धूमकेतूजवळून गेलेल्या युरोपीय यानाला जॉत्तोचंच नाव होतं.

तुम्ही नाशिकचे, अजिंठा पाहिलाच असेल. तिथे माती-भुशाच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात, आणि वाळल्यावर सरसात कालवलेले सगळेच रंग. पोपड्यांचं दुखणं तेच, पण तिथे ते एकट्या निळ्यापुरतं नाही.

काचेच्या खोलीवर रागावू नका. आपल्या श्वासाची नि कपड्यांची ओल, धूळ थेट आत जाऊ नये म्हणून ती आहे.

पुन्हा गेलात तर येशूच्या अटकेच्या चित्रापाशी थांबा. येशूला दगा देणारा शिष्य यहूदा, त्याचा पिवळा झगा येशूला जवळजवळ झाकून टाकतो, दिसतो तो फक्त येशूचा चेहरा. माझी पाच मिनिटं तिथेच गेली होती.