येळवशीचं जेवण बाहेरून मागवू नकोस

चि. लेकरास अनेक आशीर्वाद.

पंचवीस मित्रमैत्रिणींना घेऊन येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतावर यायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. फक्त जेवण लातूरच्या आचाऱ्याला सांगायचा बेत तेवढा सोड. एकतर त्या दिवशी आचारीसुद्धा कुणाच्या ना कुणाच्या शेतात असतो, बाजारपेठ बंद असते, शहरातले रस्ते ओस पडलेले असतात. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात ते उगाच नाही. दुसरं आणि महत्त्वाचं असं की येळवशीचं जेवण आधी जमिनीला वाढायचं असतं, माणसं त्यानंतर. जमिनीला वाढायचं ते तिनंच त्या आठवड्यात दिलेलं हवं. चर म्हणजे रानात शिंपडायचा नैवेद्य; छोले-पुलावाचा चर शेतात शिंपडून काय होणार?

सण मार्गशीर्ष अमावस्येचा, म्हणून इंग्रजी तारीख हलते. २०२४ साली तर तो दोनदा आला, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. सुट्टी टाकण्याआधी पंचांग बघ. या दिवसांत तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात, ज्वारी पोटऱ्यात नाहीतर फुलोऱ्यात असते, बांधावर वाल-पावटा लगडलेला असतो. भज्जीत, म्हणजे दाणे आणि पालेभाजी पीठ लावून शिजवलेल्या येळवशीच्या भाजीत, काय पडतं ते या यादीवरूनच ठरतं. पाहुण्यांना आधीच सांगून ठेव की ही भज्जी तळलेली नसते. नाहीतर ते कांदाभज्यांची वाट बघत बसतील.

तयारी तीन दिवस आधी सुरू होते आणि ती बिंदगीपासून, म्हणजे आंबिलाच्या मडक्यापासून. नवं मडकं आणलंस तर पूर्ण एक दिवस-रात्र पाण्यात बुडवून ठेव. कोरं मडकं आंबील पिऊन टाकतं, झिरपतं आणि आंबिलाला मातीची चव येते. दुसरं काम फवारणीची चौकशी. तुरीवर शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी आणि हरभऱ्यावर घाटेअळीसाठी याच सुमारास औषध मारलेलं असतं. डब्यावर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. ते दिवस भरले नसतील तर त्या ओळींतल्या शेंगांना हात लावायचा नाही, मग कितीही कोवळ्या दिसोत. परसातला पावटा किंवा न फवारलेल्या शेजाऱ्याची तूर माग. येळवशीला कुणी नाही म्हणत नाही.

आंबील, म्हणजे ज्वारीच्या पिठाचं ताक घातलेलं पेय, आदल्या संध्याकाळी करायची. पंचवीस माणसांना माणशी दोन पेले धरले तर दहा लिटर लागते. अर्धा किलो ज्वारीचं पीठ लिटरभर गार पाण्यात गुठळी न ठेवता कालव. चार लिटर पाण्याला उकळी आली की ते धारेनं सोड आणि दहा-बारा मिनिटं ढवळत शिजव. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलंस तर गाठी होतात आणि त्या नंतर कशानंही मोडत नाहीत. आता थांबायचं. पातेलं तळापासून गार झालं पाहिजे, वरून हात लावून फसू नकोस. मग त्यात पाच लिटर घुसळलेलं ताक घाल. कोमट पिठात ताक पडलं की आंबील फाटते, खाली पीठ आणि वर पाणी. दर वर्षी निम्म्या घरांत घाईपायी हेच होतं. आलं, लसूण, जिरं वाटून रात्रीच घाल. मीठ आणि कोथिंबीर सकाळी. बिंदगी चुलीजवळ ठेवू नकोस, उबेनं सकाळपर्यंत आंबट ढाण होते. तोंडाला ओलं फडकं बांध. शेतात नेताना गाडीच्या डिकीत आडवी टाकू नकोस. अंगावर घोंगडं घेऊन डोक्यावर बिंदगी नेणारा माणूस मिळाला तर त्याच्यासारखं दुसरं नाही.

भज्जीचा जीव दाण्यांत. सोललेले दाणे सगळे मिळून तीन किलो धर: तूर, पावटा, वाटाणा, सोलाणे (हरभऱ्याचे ओले दाणे) आणि रात्री भिजवलेले शेंगदाणे. शेंगा याच्या दुप्पट ते अडीचपट लागतील, आणि सोलायला पाच-सहा माणसं दोन-तीन तास तरी बसतील. हे काम आदल्या दिवशी पुण्याच्या मंडळींना दे, गप्पांत होऊन जातं. मेथी-चाकवताच्या पाच जुड्या, पातीचा कांदा, गाजर, थोडी वांगी, मूठभर बोरं, दीडशे ग्रॅम चिंच, पाऊण किलो डाळीचं पीठ, शंभर ग्रॅम लसूण, हिरवी मिरची चवीप्रमाणे.

क्रम चुकवू नकोस. लसूण-मिरचीच्या फोडणीवर आधी शेंगदाणे आणि तूर, पंधरा मिनिटांनी पावटा, मग वाटाणा, सोलाणे, गाजर, वांगी, शेवटी पालेभाजी आणि बोरं. दाणा बोटानं दाबून मऊ लागला की मगच चिंचेचा कोळ. आंबट आधी पडलं की दाणे आडून बसतात, मग तासभर उकळलेस तरी कचकच राहते. पीठ गार पाण्यात सरबरीत कालवून सर्वात शेवटी ओत आणि तिथून पंधरा मिनिटं हात थांबवू नकोस. याच वेळी भज्जी बुडाला लागते, आणि लागलेला वास सगळ्या पातेल्यात पसरतो. जाड बुडाचं पातेलं, मंद जाळ. उतरवताना पातळच वाटली पाहिजे, कारण अर्ध्या तासात ती आळते.

सोबत उंडे, म्हणजे पिठाचे वाफवलेले गोळे, आणि बाजरीची तीळ लावलेली भाकरी. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीत याच दिवसाला एळ्ळ अमावस्या म्हणतात, एळ्ळ म्हणजे तीळ. तिथंही आपल्यासारखीच भज्जी आणि चर असतो. उंड्यांचं पीठ गरम पाण्यातच मळ, लिंबाएवढे गोळे कर आणि वीस-पंचवीस मिनिटं वाफव. मोठे केलेस तर पोटात कच्चे राहतात. बाजरी आठवड्याच्या आत दळलेली असू दे. जुन्या पिठाला विरी (चिकटपणा) राहत नाही आणि ते कडूही होतं. गव्हाच्या खिरीत गूळ गहू पूर्ण शिजल्यावर. शेंगदाण्याच्या पोळ्या आदल्या दिवशी करून ठेवता येतात, तेवढीच सकाळची धांदल कमी.

आता कोप, म्हणजे पूजेची कडब्याची खोप. शेताच्या बांधाशी, झाडाच्या सावलीत जागा निवड, पण वर मान करून झाड आधी नीट बघ. आग्या मोहोळ असेल तर ती जागा सोडायची, धूर लागला की माश्या सगळ्या रानाला पळवतात आणि माणसं दवाखान्यात जातात. उघडी विहीर असेल तर तिथं एक जाणता माणूस दिवसभर बसव, शहरातल्या पोरांना कठडा नसलेली विहीर ठाऊक नसते. कडब्याच्या पेंढ्या टेकवून, शेंड्याला बांधून पूर्वेला तोंड असलेली छोटी खोप कर. आत पाच दगड धुऊन, चुना लावून, काव नाहीतर कुंकवाचे पट्टे ओढून मांड. हे पाच पांडव. त्यांच्याशेजारी लक्ष्मी. वरून नवं कापड पांघरायचं. देऊळ नको, मूर्ती नको, पुरोहित नको. घरच्या बाईनं नाहीतर बुवानं हळदकुंकू वाहून नैवेद्य ठेवला की पूजा झाली. तुझ्या मित्रांपैकी कुणी दुसऱ्या धर्माचा असेल तर संकोच नको. मातीला हात जोडायला कुणालाच अडचण येत नाही.

मग चर. परातीत भज्जी, उंडे, भाकरी कुस्करून घे, दुसऱ्याच्या हाती आंबिलाचा तांब्या दे. पुढचा शिंपडत जातो आणि ओरडतो “ओलगे ओलगे”, मागचे म्हणतात “सालम पलगे”. उच्चार गावागणिक बदलतो, तुमच्या गावच्या जुन्या माणसाकडून नीट ऐकून घे आणि त्याच्याच तोंडून पहिली हाक येऊ दे. बांधाबांधानं फिरायचं. फुलोऱ्यातल्या ज्वारीत पंचवीस माणसं घुसली तर चराच्या दिवशीच पीक तुडवलं जाईल.

चर झाल्याशिवाय कुणाच्या पानावर वाढू नकोस. भूक लागली तर हरभऱ्याची भाजी आणि बोरं आहेत. पत्रावळी पानांच्या आण. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पेले रानात राहिले तर जनावरं खातात. पिण्यासाठी वीस लिटरचे तीन जार वेगळे ठेव. स्वयंपाक दहा माणसांचा जास्तच कर, कारण वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं असतं. ज्यांना शेत नाही त्यांना तर मुद्दाम बोलव, गावात चार-पाच घरं तरी असतील.

मंडळींना चार वाजताच परत पाठवू नकोस. दिवस कलला की गोवऱ्यांवर बोळक्यात दूध उतू घालवायचं. बोळकं पाऊणच्या वर भर आणि जाळ चारी बाजूंनी सारखा कर. कुठल्या अंगाला उतू गेलं त्यावरून पुढच्या साली कुठलं रान पिकेल ते म्हातारी माणसं सांगतात, आणि एका अंगाला जाळ जास्त असला तर कौल जाळाचाच निघतो. शेवटी हेंडगा. पेटती पेंढी घेऊन शेताभोवती फिरायचं, पण वाळलेली तूर, उसाचं पाचट आणि कडब्याची गंज यांच्यापासून लांब. वारा सुटला असेल तर जागेवरच पेटवून ओवाळ. दोन बादल्या पाणी हाताशी असू दे, आणि निघण्याआधी चुलीतल्या निखाऱ्यांवर ओतून राख हातानं चाचपून बघ.

तुरीवर फवारणी कधी झाली ते सालगड्याला आजच फोन करून विचार आणि मला कळव. तारीख जवळची निघाली तर पावट्याची सोय बघावी लागेल.

तुझा
काका