बारावी आर्ट्सनंतर लोकांची काळजी घेण्याच्या क्षेत्रात जायचंय. नाशिकमध्ये राहून बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करावं की नर्सिंग?

तुमचं आर्ट्स आहे, त्यामुळे निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. बीएस्सी नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, ते दार बंद. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, मात्र कोणतीही शाखा चालते. बारावीला 40 टक्के आणि इंग्रजी विषय एवढं लागतं, कोर्स 3 वर्षांचा. एएनएम (सहायक नर्स-दाईचा कोर्स) 2 वर्षांचं आणि फक्त मुलींसाठी. पैसे भरण्याआधी त्या शाळेचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः शोधा. "सहा महिन्यांत नर्स" अशा पाट्या दिसतील. तो कोर्स करून कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळत नाही, आणि रजिस्ट्रेशन नसेल तर सरकारी भरतीत अर्जसुद्धा करता येत नाही.

कोर्स निवडण्याआधी अंगमेहनतीची काळजी आपल्याला जमते का ते बघा, असं मी सांगेन. घरात किंवा नात्यात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर आठवडाभर त्यांचं सगळं करून पाहा. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाड, टाच, खुबा इथे कातडी आधी लाल पडते. दाबूनही लाली जात नसेल तर बेडसोरची (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात झालेली असते. तिथे चोळायचं नाही, भार काढायचा. नळीने जेवण द्यायचं असेल तर डोक्याकडची बाजू निदान 30 अंश वर हवी आणि नंतर अर्धा-एक तास तशीच ठेवायची, कारण आडवं केलं की अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. लघवीची पिशवी कायम ओटीपोटाच्या खाली. पॅरालिसिसच्या पेशंटला उठवताना लुळा हात धरून ओढणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. खांदा निखळायला तेवढं पुरतं. हे सगळं करताना किळस येईलच, त्याची काळजी करू नका, चार दिवसांत ती ओसरते. चिडचिड ओसरत नसेल तर मात्र विचार करा.

आता सोशल वर्क. एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला) कोणत्याही शाखेची पदवी चालते, म्हणून बीएसडब्ल्यूच केलं पाहिजे असं नाही. पण नुसत्या बीएसडब्ल्यूवर थांबू नका. सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकासारख्या पदांना एमएसडब्ल्यू मागतात. नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक (मविप्र) संस्थेचं समाजकार्य महाविद्यालय आहे. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था. कॉलेज निवडताना इमारत बघू नका, फील्डवर्क कसं होतं ते विचारा. साधारणपणे आठवड्याचे दोन दिवस फील्डवर्क असतं आणि त्याचा रिपोर्ट लिहावा लागतो. तो रिपोर्ट कोणी वाचून चर्चा करतं की नुसती सही होते, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून कळेल.

या कामाचा मोठा भाग कागदांचा आहे, आणि इथेच बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. समजा निराधार बाईचा संजय गांधी योजनेचा (निराधारांना दरमहा पैसे देणाऱ्या सरकारी योजनेचा) अर्ज आहे. उत्पन्नाचा दाखला, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा जोडून तो तहसीलला द्यायचा. आधारवर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं असलं की अर्ज अडकतो. मंजूर होऊनही पैसे येत नसतील तर आधी बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते तपासायचं. दिव्यांगांच्या बहुतेक योजनांना निदान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी सिव्हिलच्या फेऱ्या. ज्याला अशा फेऱ्यांचा कंटाळा नाही, तो इथे टिकतो.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागात काम करायचं असेल तर आदिवासी गावांतली कोकणा बोली निदान समजायला शिका. शिवाय द्राक्षांच्या हंगामात तिकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात, तेव्हा गावात सर्व्हे केला तर निम्मी घरं बंद सापडतील. मुलांच्या शाळेचं आणि लसीकरणाचं काम त्या महिन्यांत बागांकडेच करावं लागतं.

पगाराबद्दल स्पष्ट सांगायचं तर एनजीओतल्या बहुतेक नोकऱ्या प्रोजेक्टच्या असतात. निधी संपला की नोकरी संपते. सरकारी अभियानांतल्या पदांचा करारही बहुधा 11 महिन्यांचा. मुलाखतीत लाजू नका, निधी कोणाचा, किती वर्षांचा, त्यातली किती वर्षं उरलीत, प्रवासखर्च वेगळा मिळतो का, हे विचारून घ्या. सुरगाण्याला एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. त्याचा खर्च पगारातून जाणार असेल तर हातात काय उरतं ते तुम्हीच मोजा. संस्थेत 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर तिला पीएफचा कायदा लागू होतो, त्यामुळे "आमच्याकडे पीएफ नसतो" हे उत्तर तिथे चालवून घेऊ नका.

घरी लवकर पैसे लागणार असतील तर माझा कौल जीएनएमला. पाचेक वर्षं थांबता येत असेल आणि तहसीलच्या रांगेत डोकं शांत राहत असेल, तर आवडीच्या विषयात बीए करा आणि मग एमएसडब्ल्यू.