थोर-अ‍ॅस्गार्ड नंतर, आधी अक्षायुक खिंड

तुम्हा फोंड्याच्या चौघांचा प्रश्न असा, की मनालीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय, सह्याद्रीत प्रस्तरारोहण चालू आहे, तर येत्या जुलैत कॅनडात बॅफिन बेटावरच्या ऑयुइत्तुक राष्ट्रीय उद्यानात माउंट थोर किंवा अ‍ॅस्गार्ड जमेल का?

थोरचं नाव यंदा काढू नका. त्याचा कडा सुमारे १२५० मीटरचा, तोही बाहेर झुकलेला. गोव्यातला सगळ्यात उंच डोंगर, आपला अख्खा सोनसोगड, समुद्रसपाटीपासून मोजला तरी ११६६ भरतो. अ‍ॅस्गार्डवर (२०१५ मीटर) स्विस मंडळी १९५३ सालीच पोचली, पण त्याच्या पायथ्याशी जायलाही हिमनदी तुडवावी लागते. त्यापेक्षा पहिल्या खेपेला त्याच उद्यानातली ९७ किलोमीटरची अक्षायुक खिंड पायी करा. थोर वाटेवरूनच दिसतो.

जुलैची सुरुवात नको. पांगनिर्तुंग गावाहून उद्यानाच्या तोंडापर्यंत साधारण ३० किलोमीटर होडीने जायचं, आणि फियॉर्डमधला (कड्यांमधल्या चिंचोळ्या खाडीतला) बर्फ फुटल्याशिवाय होडी निघत नाही. निघाली तरी भरती बघूनच. जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य धरा आणि विमानं रद्द होतील हे गृहीत धरून हातात मोकळे दिवस ठेवा.

खरी परीक्षा ओढ्यांची. सत्तरी तालुक्यातला ओहोळ फुगला तर पाऊस बघून आपल्याला कळतं. तिथे लख्ख ऊन पडलं की हिमनदी वितळते आणि दुपारनंतर पाणी चढत जातं, संध्याकाळीही उतरत नाही. सगळ्यात कमी पाणी पहाटे, तेव्हाच ओलांडायचं. रात्री उजेड असतोच, त्यामुळे तीनला निघायला हरकत नाही. पाणी राखाडी, गढूळ. तळ दिसत नाही, पण तळातून गडगडत जाणाऱ्या दगडांचा आवाज येतो. तो मोठा असेल तर तंबू ठोकून थांबा. पाण्यात उतरताना सॅकचा कमरपट्टा सोडलेला हवा. पडलात तर सॅक आधी सुटली पाहिजे.

झाडं नाहीत, म्हणजे सरपण नाही. स्टोव्हचं इंधन आणि अस्वलांसाठीचा स्प्रे विमानात नेता येत नाही, दोन्ही तिकडेच घ्या. बंदुकीचा विचार नको. ध्रुवीय अस्वलांचा मुलूख असला तरी पर्यटकांना ती नेऊ देत नाहीत. आत शिरण्यापूर्वी पार्क्स कॅनडाकडे नोंदणी आणि माहितीसत्र सक्तीचं आहे. झोप येत असली तरी नीट ऐका, सुटकेचं हेलिकॉप्टर हाकेच्या अंतरावर नसतं.

सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं यंत्र) मात्र न्यायचाच, पण तिकडे भाड्याने घेऊन तिकडेच परत करा. स्वस्त मिळाला म्हणून विकत घेऊन घरी आणू नका. भारतात परवान्याशिवाय तो बाळगता येत नाही, दाबोळी विमानतळावर यावरून प्रवासी अडकलेत.

व्हिसाचं आत्ताच बघा. चौघांपैकी हिमनदीवर दोर बांधून कोण कोण चाललंय, तेवढं कळवा.