पोटात अंडी असूनही रोहू तळ्यात ती का घालत नाही?

तुम्ही विचारलंय की पावसाळ्याच्या तोंडावर तळ्यातल्या रोहूच्या मादीचं पोट अंड्यांनी टम्म होतं, तरी ती अंडी घालत नाही, तर तिच्यात काही दोष आहे का? दोष अजिबात नाही. मी हॅचरीत प्रजनक मासे सांभाळतो, दर हंगामात हेच बघतो.

अंड्यात बलक साठायला काही महिने लागतात. खाणं नीट मिळालं की हे काम तळ्यातही होतं. अडतं ते शेवटच्या काही तासांच्या कामाशी. बारीक नळीने मादीच्या पोटातली चार-दोन अंडी काढून द्रावणात टाकली की ती पारदर्शक होतात आणि आतलं केंद्रक दिसतं. मधोमध असेल तर थांबायचं. कडेला सरकलेलं असेल तर मादी तयार. मात्र पुढे ते केंद्रक विरून अंडं सुटं व्हायला मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक एकदम उसळून यावं लागतं. नदीत चढत्या पुराचं गढूळ, वाहतं पाणी त्याचा इशारा देतं. तळ्यात इशाराच नाही, आणि मेंदूतलं डोपामिन हे रसायन एलएचला दाबून धरतं. मग ती अंडी पोटातच जिरतात.

म्हणून इंजेक्शन द्यावं लागतं. १९३०च्या दशकात ब्राझीलमध्ये रोडॉल्फो फॉन इहेरिंग यांनी स्थलांतर करणाऱ्या माशांना पियूषिकेचा अर्क टोचून अंडी मिळवली. भारतात १९५७ साली हिरालाल चौधरींनी कार्प, म्हणजे रोहूच्या कुळातल्या माशांवर हे साधलं. आताच्या औषधात एलएचला चालना देणारा घटक असतो आणि डोपामिनला अडवणारं डोम्पेरिडोनही. संध्याकाळी टोचलं की रात्री नर मादीच्या पोटाला ढुशा देतात, पाणी नुसतं घुसळतं. ते बघायला मी आजही जागतो.

सुटलेली अंडी पाणी शोषून काचेच्या मण्यांसारखी फुगतात. ती कशालाच चिकटत नाहीत. साधारण २८ अंशांना १४ ते १८ तासांत फुटून पिल्लं बाहेर येतात. तोवर त्यांना हलतं पाणी लागतं, नाहीतर तळाशी बसून गुदमरतात. आमची टाकी गोल ठेवून पाणी सतत फिरवतो ते त्यासाठीच. नदीत हेच काम प्रवाह करतो आणि जिरे, म्हणजे ही इवली पिल्लं, पूर पसरलेल्या उथळ, खाद्याने भरलेल्या पाण्यात नेऊन सोडतो.

धरणाला मत्स्यशिडी, म्हणजे माशांना वर चढायला पाण्याची पायऱ्यांची वाट, बांधली की प्रश्न मिटला, असं ऐकलं की मला फार वाईट वाटतं. मोठे मासे शिडी चढतात, वर जाऊन अंडीही घालतात. पण खाली वाहत येणारी ती अंडी जलाशयाच्या संथ पाण्यात शिरतात आणि तिथेच बुडतात.