उन्हात बसायचं, पण कुणाबरोबर?

"मैत्रिणी भरपूर आहेत मॅडम, पण त्यांच्यात जाऊन आलं की दोन दिवस डोकं ठिकाणावर राहत नाही. डॉक्टर म्हणतात उन्हात बसा. उन्हात बसलं की चेहरा काळवंडतो. आता जायचं कुठं?"

मी समुपदेशन करते. चाळिशीच्या आसपासच्या बायका हा प्रश्न थोड्याफार फरकानं मला नेहमी विचारतात. पुरुषही विचारतात. त्यांच्या बाबतीत चेहऱ्याच्या जागी सुटलेली नोकरी नाहीतर बुडालेला धंदा असतो, चारचौघांत जाणं टाळणं मात्र तेच. ज्या ताईंची गोष्ट इथं सांगतेय त्यांनी परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.

ताई त्रेचाळीस वर्षांच्या. लग्नानंतरची बरीच वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात गेली. पुढं सोपा, मागं परडं, एक नळ आणि त्याच्याभोवती चार घरच्या बायका. पुढं वाटण्या झाल्या आणि त्या फुलेवाडी रिंगरोडला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आल्या. मालक शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, पाळीची नोकरी. मुलगा शिकायला पुण्याला. घर नीटनेटकं, हप्ते वेळेवर, भांडण नाही. आणि तरीही सकाळी उठावंसं वाटत नाही, अंग दुखतं, फोन बघत रात्रीचा एक वाजतो. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं, दोन्ही ठीक. डी जीवनसत्त्व तेवढं मिलिलिटरला ११ नॅनोग्रॅम निघालं. वीसच्या खाली कमतरता धरतात. त्यांनी आठवड्याला एक अशी ६०,००० युनिटची पावडर आठ आठवड्यांसाठी दिली, उन्हात बसायला सांगितलं, आणि "एकदा मॅडमशी बोला" म्हणून माझ्याकडं पाठवलं.

पहिल्या भेटीत ताईंनी ओढणी अशी घेतली होती की फक्त डोळे दिसावेत. दुचाकीवरून आलेल्या बायका स्कार्फ आणि सनकोट आत आल्यावर काढतात. यांनी ओढणी काढली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मला वांग आलाय मॅडम."

दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग. आपल्याकडच्या बायकांत हे फार आढळतं. गरोदरपण, हार्मोनच्या गोळ्या, घराण्यातला कल आणि ऊन ही त्याची नेहमीची कारणं. जीवाला धोका काही नाही. पण ताईंच्या भिशीतल्या बारा जणी दर महिन्याला चहाच्या आधी त्यावर बोलायच्या. "अगं, किती काळी पडलीस!" "बटाट्याचा रस लाव." एकीनं तर क्रीमच आणून दिलं, तीच विकत होती ते. पंधरा दिवसांत चेहरा लखलखीत झाला, सगळ्यांनी कौतुक केलं. क्रीम थांबवल्यावर डाग दुप्पट होऊन परत आले, वर त्वचा लाल आणि चुणचुणती. अशा बऱ्याच क्रीममध्ये स्टिरॉइड असतं. चेहऱ्यावर ते महिनोन्‌महिने चोळलं की कातडी पातळ होते आणि ऊन अजिबात सोसवत नाही. हे क्षेत्र माझं नव्हे, म्हणून ताईंना मी आधी त्वचारोगतज्ज्ञाकडं धाडलं. माझ्या खोलीत बसून आत्मविश्वासावर कितीही बोललो असतो, तरी घरी जाऊन त्यांनी तेच क्रीम लावलं असतं.

मन सतत खाली आहे का, कशातच गोडी राहिली नाही का, जगणं नको वाटतं का, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. ताईंनाही विचारलं. भूक होती, हसू यायचं, मरणाचा विचार नव्हता. मन खाली असणं किंवा गोडी नसणं, यातलं एकही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल तर ऊन आणि मैत्रीच्या गप्पा बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञाकडं जायचं. आणि जीव द्यायचा विचार येत असेल तर दोन आठवडे कसले, एक दिवसही थांबायचं नाही. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

मग उन्हाकडं वळलो. "मी बसतो की रोज गॅलरीत," ताई म्हणाल्या. (आमच्याकडच्या बायका 'बसतो', 'येतो' असंच बोलतात, बाहेरच्यांना गंमत वाटते.) "सकाळी आठला, काचा लावून. वारं लागत नाही."

यात दोन गोष्टी उलट्या पडत होत्या. त्वचेत डी तयार करणारे किरण म्हणजे अतिनील-बी. ते खिडकीच्या काचेतून जवळपास येतच नाहीत. त्याच काचेतून अतिनील-ए मात्र आरामात आत येतात, आणि ते वांगाचे डाग गडद करतात. म्हणजे रोज नेमानं बसून ताईंना डी मिळत नव्हतं आणि डाग तेवढे वाढत होते. दुसरी गोष्ट वेळेची. कोवळं ऊन चांगलं असं आपण आजीपासून ऐकतो. ते चांगलं आहेच, पण डी साठी नव्हे. सूर्य खाली असताना किरण हवेचा जाड थर तिरपे कापत येतात, त्यात अतिनील-बी बहुतेक गळून जातं. कोवळ्या उन्हाचा खरा उपयोग शरीराच्या घड्याळाला. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की मेंदूला दिवस सुरू झाल्याचं कळतं आणि रात्रीची झोप त्या हिशेबानं लागते. या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

डी साठी सोपी खूण आहे सावलीची. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच्या उन्हात डी चांगलं तयार होतं. आपलं कोल्हापूर विषुववृत्तापासून जेमतेम १७ अंशांवर, त्यामुळं आपल्याला ही वेळ बाराही महिने मिळते. डिसेंबरात साधारण अकरा ते पावणेदोन. मे महिन्यात सकाळी साडेनऊलाच सावली आखूड झालेली असते आणि दुपारचं ऊन नुसतं भाजून काढतं, तेव्हा बारा-एकला उभं राहायचं कारणच नाही. दंड, हात, पोटऱ्या उघड्या ठेवून पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस, हा सर्वसाधारण अंदाज. सावळ्या रंगाला थोडा जास्त वेळ लागतो. त्वचा लाल व्हायच्या किंवा चुणचुणायच्या आत उठायचं. चेहऱ्याला ऊन दिलंच पाहिजे असं कुठंही नाही! चेहऱ्याचं क्षेत्रफळ ते केवढं? पाठमोरं बसावं, डोक्यावरून पदर किंवा छत्री घ्यावी, चेहऱ्याला डॉक्टरांनी दिलेलं सनस्क्रीन लावावं. ज्यांना ल्युपससारखा आजार आहे किंवा डॉक्सीसायक्लीनसारखं, ऊन सोसवेनासं करणारं औषध चालू आहे, त्यांनी मात्र आधी विचारूनच.

पावडरबद्दलही एक सांगते, कारण घरोघरी ती चॉकलेटसारखी खाल्ली जाते. उन्हातून डी कधी जास्त होत नाही, कातडी जादाचं स्वतःच मोडून टाकते. पावडरीला असा लगाम नाही. आठ आठवडे सांगितलेली पावडर वर्षभर घेतली की रक्तात कॅल्शियम वाढू शकतं, मग मळमळ, बद्धकोष्ठ, तहान सुरू होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

एवढं सगळं ताईंना पटलं. आणि पुढचे तीन आठवडे त्या घराबाहेर पडल्या नाहीत.

हे अपेक्षित होतं. रंकाळ्याला चक्कर मारा, विद्यापीठाच्या आवारात फिरा, असं सांगणारे खूप असतात. माहितीनं माणूस दार उघडत नाही, बाहेर कुणीतरी वाट बघत असेल तर उघडतो. म्हणून मी त्यांना एका कागदावर ओळखीच्या सगळ्यांची नावं लिहायला लावली. प्रत्येकापुढं एकच नोंद: भेटून आल्यावर हलकं वाटतं की जड? भिशीतल्या बारा जणींपैकी नऊ जड निघाल्या. "मग या मैत्रिणी कशा?" त्यांनीच मला विचारलं. मी म्हटलं, भिशी हा व्यवहार आहे, चांगला आहे, त्याला मैत्रीचं ओझं कशाला द्यायचं? २०१० मध्ये अमेरिकेत १४८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, ३ लाखांहून जास्त माणसांचा. ज्यांची नाती भक्कम त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. पण ते भक्कम नात्यांबद्दल आहे. भिशीच्या दिवशी छातीत धडधड होत असेल तर ती गर्दी त्या हिशेबात धरायची नाही.

कागदाच्या अगदी खाली, 'इतर' म्हणून, एक नाव होतं आणि पुढं 'हलकं'. तळमजल्यावर डबे करणाऱ्या बाई. ताईंपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, घरात एकट्या, रोज तीसेक डबे. "त्या काय मैत्रीण नाहीत," ताई म्हणाल्या. "बोलतात पण नाहीत फार. माझ्या तोंडाकडं बघतच नाहीत, सारख्या भाजी निवडत असतात."

"कुठं बसतात निवडायला?"

"पार्किंगच्या कडेला. अकराच्या उन्हात."

मला हसू आवरलं नाही. ताईंनाही नाही.

ठरलं एवढंच, की मंगळवारी अकराला खाली जायचं, मेथीची एक जुडी घेऊन बसायचं, पाठ उन्हाकडं, बाह्या वर, डोक्यावर पदर. बोलायचं बंधन नाही. मन तयार झालं की जाऊ, असं म्हणायचं नाही. पाय आधी न्यायचे, मन मागून येतं. समोरासमोर बसून मन मोकळं करणं बऱ्याच जणांना जड जातं. नजर हातातल्या कामावर असली की तोंडातून आपोआप निघतं. पेठेतल्या नळावर तेच व्हायचं, तालमीबाहेरच्या कट्ट्यावर बापयांचंही तेच होतं.

डबेवाल्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, "देठं बारीक काढ हं, गिऱ्हाईक कटकट करतंय." बस्स. चौथ्या-पाचव्या खेपेला ताईंनी क्रीमची सगळी कथा सांगितली. बाई म्हणाल्या, "मला बी होतं की, मुलीच्या वेळंला. डॉक्टरचं औषध घे आणि गप बस." सल्ला काही नवा नव्हता. पण सांगणारीला काही विकायचं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी त्या दोघी अंबाबाईच्या देवळात गेल्या. किरणोत्सव ३१ जानेवारीपासून असतो. मावळतीचे किरण पहिल्या दिवशी देवीच्या पायांशी येतात आणि धूळ, ढग किंवा वाटेतली बांधकामं आडवी आली नाहीत तर तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत चढतात. ताई पुढच्या भेटीत म्हणाल्या, "एवढी माणसं होती. सगळ्यांचं लक्ष देवीकडं. माझ्याकडं कुण्णी बघितलं नाही." जरा थांबून, "आणि ओढणी सुटली होती माझी."

कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली नेमकं हेच मोजून छापलं होतं. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून एका खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांनी तो पाहिला असणार असं त्यांना वाटलं, प्रत्यक्षात पावभर लोकांच्याच लक्षात आला होता. हा प्रयोग मी ताईंना आधीच सांगितला होता, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली होती.

भिशीसाठी आम्ही एक वाक्य बसवलं होतं: "डॉक्टरांचं औषध चालू आहे, आपण दुसरं काहीतरी बोलूया." फेब्रुवारीच्या भिशीत क्रीमवाल्या बाईंनी विषय काढल्यावर ताईंच्या तोंडून निघालं, "माझ्या तोंडाचं मी बघतो, तू तुझा हप्ता काढ." मला माझ्या वाक्यापेक्षा हे बरं वाटलं. दोघी-तिघी हसल्या, विषय तिथंच मोडला. त्या हसणाऱ्यांपैकी एक आता अधूनमधून फोन करते.

मार्चमध्ये डबेवाल्या बाई तापानं पडल्या. चार दिवस सगळे डबे ताईंनी केले, मालकांनी पहिली पाळी संपवून येऊन पोचवले. माझ्या मते कलाटणी मिळाली ती इथं. तोवर ताई सोबत घ्यायला जात होत्या, आता कुणाला तरी त्यांची गरज पडली.

एप्रिलमध्ये डी पुन्हा तपासलं, २९ आलं. पावडरीची आणखी गरज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. वांग फिका झालाय, गेलेला नाही, आणि तो पूर्ण जाईलच असं त्वचेच्या डॉक्टरांनीही सांगितलेलं नाही. भिशी ताईंनी सोडली नाही, पैसे अडकले होते. मे महिन्यात त्यांचा नंबर लागला. त्या पैशातून त्यांनी डबेवाल्या बाईंबरोबर भागीत वर्षाच्या चटणीची मिरची घेतली, ब्याडगी आणि संकेश्वरी. गच्चीवर पसरायला आठला जायच्या आणि नऊच्या आत खाली यायच्या. पुढच्या वर्षी चटणी विकायचा विचार आहे, आणि पाव किलोचा भाव काय ठेवायचा यावरून दोघींचं सध्या वाजतंय.